महाराजांच्या गाडीची मागची कमान

एका जंगलात, मुलांनो, एक मोटारगाडी होती. जंगलात मोटारगाडी कशी, असे विचारू नका. तिथे प्रधान होता, दरबार होता, बांधकाम खातेसुद्धा होते. मग गाडीनेच काय घोडे मारले?

ही गाडी मूळची एका गोऱ्या शिकाऱ्याची. तो थोरल्या महाराजांची शिकार करायला आला होता. थोरले महाराज झुडपातून बाहेर आले आणि शिकाऱ्याला अचानक घरची आठवण झाली. तो गाडी तिथेच टाकून पळाला. ती परत मागायला काही आला नाही.

थोरल्या महाराजांच्या मागे गाडी त्यांच्या मुलाकडे आली. लांब नाक, पितळी दिवे, मागे चामड्याची ऐसपैस बैठक. पुढे एक वानर बसून गाडी चालवी. मागे सिंहमहाराज आणि त्यांचे प्रधान कोल्होबा बसत.

गाडीत दोष एकच. मागची कमान बसली होती. कमान म्हणजे चाकावर एकीवर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. मिस्त्री त्यांना पाटे म्हणतात. गाडी आदळली की पाटे वाकतात आणि धक्का आपल्या पोटात घेतात. या गाडीचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. त्यामुळे रस्त्याने दिलेला धक्का ते इमानदारीने महाराजांच्या कंबरेपर्यंत पोचवत.

खड्डा आला की महाराज हातभर वर उडत आणि खाली येता येता गर्जत, "खड्डा!"

ती गर्जना ऐकून बांधकाम खात्याची रानडुकरे माती घेऊन धावत. दिवस मावळायच्या आत खड्डा बुजलेला असे. म्हणून त्या जंगलातले रस्ते फार चांगले होते. ते चांगले का आहेत, याचा विचार कोणी केला नव्हता. रस्ते वाईट असले की कारण शोधतात. चांगल्या रस्त्यावरून नुसते जातात.

एकदा महाराजांच्या कंबरेत अशी उसण भरली की गर्जनासुद्धा निघेना. त्यांनी गणोजी अस्वलाला बोलावले.

गणोजी जंगलातला एकुलता एक मिस्त्री. हात खरोखर चांगला, आणि तो चांगला आहे हे त्याला पक्के ठाऊक. त्याने गाडीखाली डोके घातले, बराच वेळ घातलेलेच ठेवले आणि मग म्हणाला, "महाराज, ही कमान नव्हे. हा लोखंडाचा ओंडका आहे."

"दुरुस्त होईल?"

"मी केली तर होईल."

गाडी गणोजीच्या भट्टीवर आली. त्याने गंजलेल्या बोल्टांना तेल पाजले. पाटे एकेक करून सुटे केले, घासले, भट्टीत लाल केले आणि ठोकून ठोकून त्यांना पुन्हा धनुष्याचा बाक दिला. त्याची बायको सगुणा भाता ओढत होती आणि लागेल तो पाना हातात देत होती. मग पाट्यांमध्ये ग्रीस भरले. पाट्यांच्या टोकांच्या कड्यांत रबरी बुश नवे घातले. शेवटी दोन्ही बाजूंना नवे शॉकअप लावले. शॉकअप नसले तर कमान एकदा दबली की गाडी चेंडूसारखी उडतच राहते.

काम संपल्यावर गणोजी गाडीच्या मागच्या भागावर बसला. गाडी हळूच खाली गेली, हळूच वर आली आणि थांबली.

"बघितलंस?" तो सगुणाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघितलं," सगुणा म्हणाली. "आता हात धुवा, जेवायला चला."

महाराज फेरी मारून आले ते डुलक्या घेतच. गाडीत झोप लागली होती त्यांना! साऱ्या जंगलात गणोजीचे नाव झाले.

आणि त्या दिवसापासून, मुलांनो, गर्जना बंद झाली.

गर्जना नाही म्हणून रानडुकरे नाहीत. रानडुकरे नाहीत म्हणून खड्डे जागच्या जागी वाढू लागले. हरणांचे पाय मुरगळले. सगुणा मधाची मडकी हातगाडीवर घालून बाजाराला जायची. एका आठवड्यात तिची इतकी मडकी फुटली की मुंग्यांनी बाजारात यायचे सोडून रस्त्यावरच मुक्काम केला.

"रस्त्यांचं वाटोळं झालंय," ती घरी येऊन म्हणाली. "महाराजांना सांगा."

"अगं, तुझ्या गाडीला मी कमान बसवून देतो की."

"मला द्याल. पण ती कासवीणबाई घर पाठीवर घेऊन चालते. तिला कुठे बसवणार कमान?"

गणोजी उठला. तो दरबारात गेला.

"खड्डे?" महाराजांना नवल वाटले. "मला तर एकही लागला नाही. चल, बस गाडीत. दाखव कुठे आहेत ते."

गणोजी आजवर त्या गाडीच्या खाली पुष्कळ वेळा गेला होता. आत कधीच बसला नव्हता. आज तो महाराजांच्या शेजारी बसला. गाडी निघाली.

पहिला खड्डा त्याला लांबूनच दिसला. पाण्याने भरलेला, चांगला म्हशीएवढा. गणोजीने बैठक घट्ट धरली. चाक आत गेले, चाक वर आले. आणि बैठक? बैठक जराशी हलली, झोळीत बाळ कूस बदलते तशी. गणोजीने कान टवकारले. कुरकुर नाही, खडखड नाही. पाट्यावर पाटा अलगद सरकत होता. त्याने हात सोडला आणि पाठ टेकली.

पुढच्या वळणावर कासवीणबाई खड्ड्यात उताणी पडली होती. चारी पाय हवेत हलवत होती.

"पाहा महाराज," कोल्होबा म्हणाला, "प्रजा कशी आनंदाने हात हलवते आहे."

महाराजांनीही पंजा हलवला.

"मग, गणोजी? लागला का कुठे खड्डा?"

गणोजीने तोंड उघडले. काय बोलायला आलो ते त्याला आठवत होते. पण कंबरेखाली कमान झुलत होती, त्याची स्वतःची कमान, आणि तिच्याविरुद्ध त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"नाही महाराज," तो म्हणाला. "कुठेच लागला नाही."

गाडीतून उतरून पायी परत येताना त्याने कासवीणबाईला सुलटे केले. तिने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि ती चालू लागली. ते पाहणे गणोजीला घरापर्यंत पुरले.

घरी येऊन बघतो, तर त्याच्या आधीच दरबारचा हार आणि पदवी पोचलेली. रस्ते इतके मऊ केल्याबद्दल गणोजी अस्वल यास 'मार्गसुधारक' करण्यात आले होते.

सगुणाने हार बघितला, नवऱ्याकडे बघितले. "सांगितलं नाहीत ना?"

"अगं, काय चालते ती गाडी! तू एकदा बसून..."

त्याने खाली बसून सगळे सांगितले. कासवीणबाईचेही सांगितले. "महाराज पुन्हा उडायला हवेत," सगुणा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात गाडी ग्रीस करायला आली. गणोजी पाना घेऊन खाली शिरला. शॉकअपच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट सैल करायला एक वेढा द्यायचा, तो त्याने अर्धाही दिला नाही. मग बाहेर आला आणि पाना जमिनीवर ठेवला.

"माझ्या हातून नाही होत गं."

"सरका तिकडे," सगुणा म्हणाली आणि पदर खोचला.

गणोजी आंब्याच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला. मागे बोल्ट जमिनीवर पडल्याचे आवाज त्याला ऐकू आले. एक. मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी महाराजांची गाडी पहिल्या खड्ड्यात गेली. वर उडाली. खाली आली. पुन्हा वर उडाली. महाराज वर असताना कोल्होबा खाली असे आणि कोल्होबा वर जाताना महाराज खाली येत. मध्येच दोघांची डोकी आपटली.

"खड्डा!" जंगल हादरले.

रानडुकरे झोपेतून उठून धावली. पण आता खड्डाच काय, खडासुद्धा महाराजांना उडवू लागला. "खडा!" अशीही गर्जना होऊ लागली. थोड्याच दिवसांत रस्ते असे झाले की कासवीणबाई चालताना गाणे म्हणू लागली.

महाराजांनी गणोजीला बोलावले. "गाडी बिघडली का रे?"

खरे सांगावे तर सगुणा अडकते. बिघडली म्हणावे तर जीभ वळत नाही.

"गाडी ठीक आहे, महाराज," तो खाली बघत म्हणाला. "रस्ते वाईट आहेत."

"मग हा मार्गसुधारक करतो काय?" डोक्यावरचे टेंगूळ चोळत कोल्होबाने विचारले.

गणोजीची पदवी काढून घेण्यात आली. तशी दवंडी पिटत एक गाढव जंगलभर फिरले. रस्ता इतका छान होता की त्याला कुठे ठेच लागली नाही.

बाजारात सगुणा मध विकत होती. शेजारी गणोजी बसला होता.

"पदवी गेली म्हणून वाईट वाटतंय?" तिने विचारले.

"पदवीचं काही नाही गं." इतक्यात रस्त्यावरून महाराजांची गाडी उड्या मारत आली. गणोजीने दोन्ही पंजे डोळ्यांवर घेतले. "गेली का?"

"गेली."

"किती उडत होती?"

"फार नाही," सगुणा म्हणाली आणि त्याच्या पुढ्यात मधाचे मडके सरकवले.

तात्पर्य : हाती घेतलेले काम नेहमी चोख करावे. मात्र ते काम महाराजांच्या बैठकीखालचे असेल तर थोडे कच्चेच ठेवावे. प्रजेचे दुःख महाराजांच्या कानाला उशिरा कळते, कंबरेला लगेच कळते.