फिरत्या आसनाची आणि छताच्या खिडकीची हकीकत

श्रीगजवदन समर्थ. साहेबांचे आज्ञेवरून, पुरातन नव्हे तर परवाचेच वर्तमान, डोळां पाहिले तैसे लिहिले आहे; यांत पदरचे काही असेल तर ते आमचे आश्चर्य, तेवढे पोटात घालावे.

शके १९४५, शोभकृत् नाम संवत्सर, फाल्गुन मासी एका मुलखात त्र्यंबकराव राजे राज्य करीत होते. राज्य म्हणजे तीन खोल्या आणि गच्ची, परंतु दरारा थोर. त्यांच्या मातुःश्री भिवराआऊसाहेब, वय ब्याऐंशी, गुडघ्यांनी बेजार. घरचा जुना रथ उंच, त्यात पाऊल चढेना, म्हणोन गडावरील देवीची चैत्री पौर्णिमेची ओटी चार वर्षे चुकली आणि आऊसाहेबांस अन्न गोड लागेना. मग राजे निश्चय करिते जाहले की, दारातून बाहेर वळते आणि खाली उतरते ऐसे आसन ज्या मोटारीस असेल तीच घ्यावी आणि आईस देवी दाखवावी.

मग राजे आणि राणी सुलोचनाबाई शोरूमी दाखल जाहले. काय ते शोरूम वर्णावे, फरशीत आपले तोंड दिसे आणि दार आपण होऊन उघडे. तेथील कारभारी मुजावर यांनी चहा देऊन अर्ज केला की, "साहेब, फिरतं आसन सुटं मिळत नाही. ते शाही पॅकेजमध्ये येतं. त्याबरोबर सनरूफ, म्हणजे छताला काचेची खिडकी, बाटल्या गार करणारा कप्पा आणि सात रंगांचे दिवे."

राजे म्हणाले, "दिवे राहू द्या, आसन तेवढं द्या."

"कंपनी देत नाही, साहेब. आणि बाहेरून बसवलंत तर वॉरंटी जाते."

तेव्हा राणीसाहेबांची मर्जी खप्पा होऊन बोलिल्या, "कोथिंबिरीची जुडी मागितली तर आख्खी पाटी गळ्यात मारता होय? आणि छताला भोक पाडून त्यात काच, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" मुजावर मान खाली घालून हसले. राजे बहुत वेळ कागद न्याहाळीत बसले आणि मग म्हणाले, "अगं, आई ब्याऐंशीची आहे. पुढच्या चैत्राची हमी कोण देतो?" तेव्हा पॅकेज मुक्रर जाहले.

पाडव्यास रथ दारी आला. नारळ फुटला, चाकांखाली लिंबे चिरडली, आणि आसन वळोन बाहेर आले आणि आऊसाहेबांपुढे खाली झुकले. सारी आळी थक्क जाहली, आम्हीही जाहलो, खोटे का लिहावे. आऊसाहेब म्हणाल्या, "बाई बाई, हे तर सुनेपेक्षा जास्त वाकतंय." राणीसाहेबांनी ऐकून न ऐकलेसे केले आणि छतातून ऊन येते म्हणोन जुन्या साडीचे कापड खिडकीखाली चहूकडून टाचून टाकिले.

मग चैत्री पौर्णिमेस स्वारी गडाच्या पायथ्यास पोहोचली. आसनाने आऊसाहेबांस अलगद उतरविले. पुढे तीनशे पायऱ्या, आणि दुसऱ्या पायरीसच गुडघ्यांनी नकार दिला. डोलीवाले धावोन आले, तो आऊसाहेब म्हणाल्या, "नको रे बाबांनो. चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं." मग परत आसनावर बसल्या, आसन आत वळले, आणि ओटीचा खण त्यांनी मांडीवर धरिला. राजे तोंड फिरवून उभे राहिले, त्यांस आईकडे पाहवेना.

देऊळ बरोबर माथ्यावर, कड्याच्या टोकाशी. पायथ्यावरून पाहावे तर मान पुरती मागे टाकावी लागे, आणि आऊसाहेबांची मान तेवढी वळत नव्हती. राणीसाहेबांस काय सुचले कोण जाणे, त्यांनी आपल्या हाते ते टाके उसविले, कापड ओढून काढिले, आऊसाहेबांचे आसन मागे रेलविले आणि म्हणाल्या, "आई, वर बघा."

काचेत कळस होता. कळस दिसला की दर्शन घडले, ही त्या मुलखाची रीत. आऊसाहेबांनी हात जोडिले, डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेले, ते पुसले नाही. मग खण सुनेच्या हाती देऊन म्हणाल्या, "जा, माझी ओटी तू भर. मी इथनं बघते." आणि राणीसाहेब अनवाणी तीनशे पायऱ्या चढल्या.

एवंच हकीकत. सात रंगांचे दिवे कशासाठी, हे राज्यात अद्यापि कोणास उमगले नाही. परंतु राणीसाहेब आता त्यांस नावे ठेवीत नाहीत.