ट्रकच्या काट्यावर काथोडकाका

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्याबद्दल आधीच माफी मागते. पण काथोडकाका ट्रकच्या काट्यावर उभे राहून स्वतःचं वजन करतात, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. आमच्या भिवंडीजवळच्या पूर्णा गावात सवड सगळ्यांनाच आहे, पण लिहायचा कंटाळा आहे.

काटा म्हणजे गोडाऊनच्या फाटकाशी जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी फळी. मालाचा ट्रक तिच्यावर चढतो आणि शेजारच्या केबिनमधून शकील आकडा सांगतो. मी त्या गोडाऊनमध्ये झाडू मारते. सकाळी पहिला ट्रक यायच्या आधी, धुकं असतानाच, काका येऊन फळीच्या मधोमध उभे राहतात. पांढरा लेंगा, पांढरी बनियन. लांबून वाटतं, एखादा ढग तोलून घ्यायला खाली उतरलाय.

"शकील, कवरा?"

"एक सौ तीस, चाचा."

"कालबी तवराच व्हता."

"ये दस-दस किलो में ही बोलता है. बीच का इसको दिखता नहीं."

"बरा हाय. बारीक हिशेब करनारी वस्तू मना आवडत न्हाय."

दवाखान्यातल्या काट्यावर ते चढत नाहीत. तो पाट आहे, मोडेल म्हणतात. शिवाय हा काटा बसलाय ती जागा त्यांच्याच शेताची. "पयले हितं भात पिकायचा," ते शकीलला सांगतात, "आता हितला पीक म्हंजे मीच. मंग नको तोलाया?"

काका माझे घरमालक. त्यांच्या चाळीतली शेवटची खोली माझी. मी फारशी कुणाशी बोलत नाही, मान खाली घालून जाते-येते, तरी ते ओट्यावरून विचारतात, "जेवलीस का गो सुमन?" मी मान हलवते. तेवढं त्यांना पुरतं.

शेतं गेली, गोडाऊनं आली, तसं गावाचं अंग हळूहळू भरत गेलं. जी माणसं चिखलात गुडघाभर उभी राहून लावणी करायची, ती आता समोरच्या दुकानातून बिस्कीट आणायला बाईक काढतात. पोरांच्या हातात सकाळपासून कुरकुरीत पाकिटं. हळदीच्या जेवणात बायका एकमेकींना साडीचं विचारायच्या, आता गोळीचं विचारतात. गावात तपासणीला आलेल्या सिस्टर रक्तदाबाचा पट्टा घेऊन बसल्या, तर तो निम्म्या लोकांच्या दंडाला पुरेना. काका ऐटीत म्हणाले, "सिस्टर, बैलाचा पट्टा आना." सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी कितीतरी चिठ्ठ्यांवर 'साखर' लिहिलं.

काकींनाही साखरच होती. अंगठ्याला एवढीशी जखम झाली. मग पाय काढला. मग काकीच गेल्या. मुलगा ठाण्याला राहतो, सणाला मिठाई घेऊन येतो. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की काका म्हणतात, "तितं मानूस पुरता जातो आनि अर्धा येतो."

एका सकाळी ते काट्यावर एकाच पायात चप्पल घालून आले. शकीलने विचारलं, "चाचा, दूसरी?" काकांनी पोट बाजूला सारून खाली बघायचा प्रयत्न केला, पण पाय काही दिसेना. चप्पल मागे रस्त्यावर पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. शकील हसला, काकाही हसले. मी चप्पल उचलून आणून दिली.

दोन दिवसांनी म्हणाले, "सुमन, तुज्या म्हायेरच्या पान्यात पाय टाकतो. जरा बधिर झाल्येत." माझं माहेर अकलोली. आमच्याकडे गरम पाण्याची कुंडं आहेत, गुडघेदुखीची माणसं लांबून येतात. रविवारी शकीलने काकांची गाडी चालवली आणि मला वाट दाखवायला नेलं.

थंडीचे दिवस होते. कुंडावर वाफ तरंगत होती, पलीकडची नदी दिसत नव्हती. काका कोमट कुंडात उतरले आणि मागे रेलले, तर ते अंग वर आलं. पोट एखाद्या बेटासारखं पाण्याबाहेर, डोळे मिटलेले. पाणी त्यांना हलकेच फिरवत होतं.

"शकील, आता लाव काटा," ते डोळे न उघडताच म्हणाले.

"ज़ीरो आएगा चाचा."

"यवू दे."

इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग ते उठून पलीकडच्या कुंडाशी गेले. ते फार कडक. आमची माणसं त्यात बोटसुद्धा जपून घालतात. काका पायरीवर बसले आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोडले.

"ह्यो तं थंड हाय गो."

मी हात घातला आणि झटकन मागे घेतला. मग माझ्या तोंडून एवढा मोठा आवाज आला की मलाच ओळखू आला नाही. "काका, पाय काढा."

मी आणि शकीलने मिळून ओढले. पाय लालभडक झाले होते. काका त्यांच्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"मना काय लागला न्हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुजी काकी बोलायची, पायाखाली कापूस हाय. मी बोललो, मंग मजा हाय तुजी, कापसावर चालतंस."

शकीलने गाडी थेट भिवंडीच्या दवाखान्यात नेली. या वेळी काका शकीलच्या खांद्यावर हात टाकून आत गेले. फोड आले, पट्ट्या झाल्या, पण पाय वाचले. डॉक्टर म्हणाले, जेवण कमी करा, चाला, आणि रोज तळवे बघा. लागलं तर तुम्हाला कळणार नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं.

पण काकांना स्वतःचे तळवे दिसतच नाहीत. त्यांनी आरसा आणला, जमिनीवर ठेवला, त्यावर पाय धरला. वाकवेना. मी दारातून बघत होते. कपाळावर घाम, हातात काठी. एवढा मोठा माणूस आणि घरात तळवा बघायला कुणी नाही.

मी आत जाऊन म्हटलं, "द्या इकडं."

"बरा दिसत न्हाय गो पोरीकडून पाय बगून घेनं."

मी ऐकलं नाही. आता कामावर जायच्या आधी रोज बघते. काका ओट्यावर बसतात, पाय स्टुलावर. मी टाच बघते, चवडा बघते, बोटं फाकवून मधल्या फटी बघते. शेतात राबलेले पाय आहेत. भेगा अजून तशाच आहेत.

"काय नाही काका. कोरडं आहे."

"दुसरा?"

"दुसराही बघितला."

काका पाय खाली घेत नाहीत. लांब रस्त्यावरच्या ट्रककडे बघत बसतात.

"परत एकदा बग," म्हणतात.

मी परत एकदा बघते.