मुक्या घटिकेची हकीकत

श्रीवाग्देवी बोलणारांस बळ आणि ऐकणारांस धीर देवो. शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुखनाम संवत्सरे, वैशाखमासी एका राज्यात जे वर्तले ते यथामती लिहितो. राज्यात नभोवाणी होती, आणि निवडणुकीस जो उभा राहील त्याने, थोर असो की लहान, तळास भोक असलेले एक घटिकापात्र पाण्यात बुडेतो तीवर बोलावे ऐसा कायदा होता, आणि पात्र सोडण्याचे काम द्वारकाबाईंकडे होते. बाई कामात करड्या. पात्र बुडताच प्रधानजींचे भाषण अर्ध्या वाक्यात तोडिले, तेव्हापासून प्रधानजी दात खाऊन होते. मग मानाजी तांबट बोलावयास बसले. हे तोतरे. गावास नळ हवा, इतके बोलले आणि पुढील शब्द घशात अडकला तो निघेना. नभोवाणी क्षणभर मुकी जाहली तरी सनई लावावी ऐसा रिवाज. बाईंनी लाविली नाही. निम्मी घटिका मुकीच गेली, आणि घरोघरी लोक यंत्र बिघडले समजोन रेडिओस थापट्या मारू लागले.

प्रधानजींस आयते निमित्त सापडले. सभेत सुनावणी बसविली, आणि कायदा मोडीत काढावा, बाईंस घरी बसवावे, ऐसा मजकूर मांडिला. पंचवीस वर्षांची चाकरी जाते की राहते ऐशा भयाने बाई पदर सावरीत उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी पुसिले, सनई का न लाविली. बाई म्हणाल्या, "वेळ त्यांचा होता. त्यात मी सनई कशी लावू?" सभेत हशा जाहला. मग मानाजींनी साक्ष देऊ मागितली, तेव्हा प्रधानजी म्हणाले की ही साक्ष संपेतो आंब्यांचा मोसम सरेल. परंतु अध्यक्षांनी पात्र मागविले आणि बाईंनी पाण्यावर सोडिले. मानाजींचे ओठ हलत, शब्द येईना. शेजारील सभासदाने सुचवावयास तोंड उघडिले आणि मिटिले. मग कोणी हसेना, कोणी खोकेना. पात्र बुडावयास आले तेव्हा एकेक शब्द करोन निघाले: "आजवर माझं बोलणं दुसऱ्यांनीच पुरं केलं. बाई थांबल्या."

मग कायदा राखावा म्हणोन हात वर जाहले, शेवटास प्रधानजींचाही, आणि कायदा राहिला, बाई राहिल्या. मानाजी निवडणूक हरले, तरी उपकार स्मरोन स्वहस्ते नवे पात्र घडवून घेऊन आले. बाईंनी डोळे पुसिले, पात्र पाण्यावर सोडोन पाहिले, ते दोन पळे उशिरा बुडते ऐसे आढळले, तेव्हा भोक वाढवून आणा म्हणोन परत दिले.

सारांश, राज्यात बोलणारे उदंड जाहले. थांबणारे एक माणूस होते, त्याच्या पुण्याईवर राज्य आजही बोलते.