कॅचर बाहेरून आणावा

"लिहून ठेव, लव्हॉन! दोन हजार तीस साली आपला मोठा संघ मैदानात उतरेल ना, तेव्हा हेच गडी उतरतील, याच क्रमाने! एक नाव जरी इकडचं तिकडे झालं, तर ऑर्व्हिल टेस्मर हे नाव लावणार नाही!"

"मग काय लावशील?" लव्हॉनने विचारलं आणि ती मक्याची कणसं सोलत राहिली.

या बाईला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं ऑर्व्हिलचं लग्नापासूनचं मत होतं. त्याने डनमोर गावात चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, गळ घेऊन नदीवर जातात. याने भविष्य सांगायला घेतलं! गावात मोठ्या संघाचा धाकटा संघ होता, साळिंदर नावाचा. विशी-एकविशीतली पोरं इथे दोन-तीन उन्हाळे घाम गाळणार, त्यातली नशीबवान तेवढी वर मोठ्या संघात जाणार आणि बाकीची घरी जाऊन बापाच्या दुकानात बसणार. कोण वर आणि कोण घरी, हे ऑर्व्हिलला म्हणे बघताक्षणी कळायचं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. याला ते बसमधून उतरतानाच दिसत.

पोरांचा पगार बेताचा, म्हणून गावातली घरं एकेकाला ठेवून घेत. आपल्याकडे पूर्वी विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसलाच प्रकार. फक्त टेस्मरांकडच्या योर्विसचे सातही वार तिथेच असत. योर्विस व्हेनेझुएलाचा, चांगला दणकट, खेळायचा कॅचरच्या, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारख्या, जागी. लव्हॉनचा त्याच्यावर भारी जीव. तो तिला काकू म्हणायचा आणि ताटातलं शेवटचं शीत टिपून खायचा.

आता झालं असं, की मोठ्या संघाच्या क्लबचे हॅलोरनसाहेब आदल्या संध्याकाळी टेस्मरांकडे जेवायला आले होते. पोरांना बढती देणं, घरी पाठवणं, सगळं या साहेबांच्या हातात. जाताना ते आपलं कागदांचं पॅड टेबलावर विसरले. कागद कसले, लग्नपत्रिकाच! वर संघाचं सोनेरी बोधचिन्ह!

"अशा यादीला कागदही तसाच हवा," असं म्हणून ऑर्व्हिलने दुकानातला जुना टाइपरायटर माळ्यावरून काढला. नऊ जागा, पुढे नावं, नावांपुढे शेरे. 'पहिला ट्वीडी. पाय हलके, डोकं त्याहून हलकं, पण चालेल.' असं करत करत तो कॅचरपाशी आला आणि अडला. वरच्या खोलीत योर्विस घोरत होता. ऑर्व्हिलने एकदा छताकडे पाहिलं. पण प्रेम वेगळं आणि कॅचर वेगळा! त्याने मन घट्ट करून टाइप केलं: 'कॅचर बाहेरून विकत आणावा.'

यादी भोपळ्याच्या चुंबकाने फ्रिजवर लागली. सकाळी ऑर्व्हिल केस कापायला गेला. खुर्चीत बसल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की अरे, पोराने पाहिली तर हिरमुसेल! अर्धवट कापलेल्या केसांनिशी तो धावत घरी आला, यादी उतरवली आणि विम्याच्या कागदांत लपवली.

पण योर्विस तोवर दूध प्यायला येऊन गेला होता! वर संघाचं बोधचिन्ह, काल साहेब घरी आलेले, आणि खाली टाइप केलेला आपला निकाल. त्याने फोटो काढून एका मित्राला पाठवला. मित्राने दुसऱ्याला. दुपारपर्यंत सगळ्या साळिंदरांच्या फोनवर ती यादी होती.

तीन दिवसांनी ऑर्व्हिल गोल्डीच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेला, तर गोल्डी गल्ल्यावरूनच ओरडली, "अरे, कळलं का? मोठ्या संघाची गुप्त यादी फुटली! एकदम दोन हजार तीसची!"

"पहिला कोण?" ऑर्व्हिलने तुच्छतेने विचारलं.

"ट्वीडी."

ऑर्व्हिलचा कप ओठांपाशीच थांबला. "दुसरा ओक्स?"

"हो!"

"थांब, पुढचं मी सांगतो!" आणि त्याने आठही नावं घडाघडा म्हणून दाखवली. शेवटी आवाज खोल लावून म्हणाला, "आणि कॅचर बाहेरून विकत आणावा!"

"तू पण फोटो पाहिलास वाटतं."

"फोटो? अगं बाई, मी स्वतः हीच यादी केली होती! अक्षरन् अक्षर! क्लबचे साहेब आणि मी, आमची डोकी एकाच साच्यातली आहेत!"

"सगळं वाचून झाल्यावर आपलंच म्हणायचं, हे बरंय," गोल्डी म्हणाली आणि तिने कॉफीचे पैसे मोजून घेतले.

पण ऑर्व्हिलचे पाय जमिनीवर होते कुठे! त्याने न्हाव्याला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं. दातांच्या डॉक्टरांकडे तर तोंडात चिमटा असताना सांगितलं. साक्षात क्लबने पावती दिली, आणखी काय हवं!

दुःख एकाच गोष्टीचं होतं. कॅचरच्या बाबतीत आपण चुकत असू, अशी त्याला मनातून आशा होती. आता क्लबच तसं म्हणतंय म्हटल्यावर पोराचं काय? तो योर्विसच्या नजरेला नजर देईना. उलट त्याच्या ताटात कोंबडीचे मोठमोठे तुकडे वाढू लागला. आणि योर्विस ते बाजूला सारू लागला!

"भूक नाही, काकू."

"प्रेमात पडला असेल," ऑर्व्हिल म्हणाला.

"प्रेमात पडलेली माणसं बसचं वेळापत्रक विचारत नाहीत," लव्हॉन म्हणाली. "सकाळी मला विचारत होता."

तिकडे मैदानावर वेगळाच आनंद! यादीतले आठही जण राजे झाले होते. ट्वीडी सह्या द्यायला सोनेरी शाईचं पेन खिशात ठेवून खेळू लागला. चेंडू आला की कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहायचा. चेंडू बिचारा त्याच्या दोन पायांतून निघून जायचा. ओक्स धावायचाच नाही. दोन हजार तीसपर्यंत पाय पुरवायला नकोत? साळिंदर ओळीने सहा सामने हरले. यादीत नसलेले मात्र जिवावर उदार होऊन खेळत होते. योर्विसने एका सामन्यात दोन चेंडू कुंपणापार धाडले आणि तेच पडलेलं तोंड घेऊन घरी आला.

गुरुवारी संध्याकाळी लव्हॉन जेवण वाढत होती, तर योर्विस सूटकेस घेऊन खाली आला.

"काकू, शनिवारची बस आहे. आईला सांगितलंय, येतो म्हणून. क्लबला मी नकोच आहे तर कशाला थांबू?"

लव्हॉनच्या हातातला डाव वाटेतच थांबला. तेवढ्यात दार वाजलं. हॅलोरनसाहेब! हातात फाइल, चेहरा असा, की समोर दूध असतं तर नासलं असतं.

"योर्विस, हा फोटो तुझ्या फोनवरून पसरला. असली यादी क्लबने केलेलीच नाही! हा कागद तुला मिळाला कुठे?"

योर्विसने बोट केलं. "इथे."

सगळे फ्रिजकडे वळले. फ्रिजवर भोपळ्याचं चुंबक होतं. साहेबांच्या हातातल्या फोटोतही भोपळ्याचं चुंबक होतं! लव्हॉनने फोटो हातात घेतला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सावकाश नवऱ्याकडे पाहिलं.

"बाहेरून विकत आणावा? आपल्या ताटात जेवणारं पोर, आणि बाहेरून विकत आणावा?"

ऑर्व्हिलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणजे क्लबने पावती वगैरे काही दिलीच नव्हती! ती आपलीच यादी गावभर फिरून परत आली होती! आता कबूल करायचं म्हणजे साऱ्या गावात छी-थू. पण दाराशी सूटकेस उभी होती. तो उठला, शर्ट नीट केला, छातीवर हात ठेवला.

"साहेब, ती यादी माझी आहे. योर्विस, बाळा, आजवर हे गाव माझ्या शब्दावर डोळे मिटून विसंबत आलंय. तो शब्द आज मी तुझ्यासाठी..."

"काका, तुमची?" योर्विसने मधेच विचारलं.

"माझी."

"क्लबची नाही?"

"नाही."

"नुसती तुमची?"

ते 'नुसती' ऑर्व्हिलच्या काळजात रुतलं. "हो. नुसती माझी."

योर्विसने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा रुमाल उडाला. त्याने खुर्ची ओढली. "काकू, कोंबडी आहे ना अजून?"

"मग चौकशी संपली," हॅलोरनसाहेब फाइल मिटत म्हणाले. त्यांचा चेहराही एकदम उजळला होता. "मी उगाच घाबरलो. कोण काय मनावर घेणार! मिसेस टेस्मर, मलाही एक तुकडा चालेल."

"अहो, निदान जरा विचार तरी..." ऑर्व्हिल उभाच होता. छातीवरचा हात खाली कधी घ्यायचा, हे त्याला कळेना.

"बस आणि जेव," लव्हॉन म्हणाली.

योर्विसने भरल्या तोंडानेच आईला फोन लावला. त्याच्या त्या भरधाव बोलण्यातलं ऑर्व्हिलला आपलं आणि ट्वीडीचं नाव तेवढं कळलं, तेही तीनतीनदा. मग तिकडून हसू फुटलं. एकट्या आईचं नव्हे; मावश्या, शेजारणी, सगळी गल्लीच फोनशी गोळा झाली असावी.

"काय म्हणते आई?" ऑर्व्हिलने ताठ मानेने विचारलं.

"म्हणते, काकांना सांग, मनाला लावून घेऊ नका." योर्विसने हाड चोखून ताटात ठेवलं. "आणि विचारते, समोरच्या संघाची यादी कधी करताय?"