ओट्यापर्यंत भरती

गेल्या वर्षी आमच्या हॉलमधल्या काचेच्या टाकीला सरकारने समुद्र म्हणून मान्यता दिली, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराचा ओटा रखडला. आम्ही परभणीला राहतो.

टाकी तशी लहानच, टीव्हीशेजारी मावेल एवढी. तीत खारं पाणी आणि एक नारिंगी पट्ट्यांचा मासा होता, तोवर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. मग ह्यांना पोवळी वाढवायची हुक्की आली. जिवंत पोवळ्याचे नखाएवढे तुकडे आणायचे, चकत्यांवर चिकटवायचे आणि वाढू द्यायचे. त्यासाठी टाकीवर निळा दिवा आला, लाटा काढणारा पंप आला, आणि तुकडे मांडायला माझा प्लास्टिकचा इडलीस्टँड गेला. जाब विचारला तर म्हणाले, "स्टीलचा खाऱ्या पाण्यात गंजतो." जणू स्टीलचा नेताना मला विचारणारच होते. सासूबाईंनी टाकीत डोकावून एवढंच विचारलं, की मंगळाचं पोवळं हिरवं कसं.

लाटा सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत किनारा खात्याचे बिडवे साहेब दारात हजर. नेमका त्याच सकाळी गवंड्याने जुना ओटा फोडला होता. शेगडी जमिनीवर, नवा काळा ग्रॅनाइट भिंतीला टेकवलेला. लग्न झाल्यापासून मी त्या बुटक्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटल्या. नवा माझ्या उंचीचा होणार होता.

साहेबांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ आहे. लाटा आहेत. प्रवाळ आहे. आणखी समुद्राला काय लागतंय, वहिनी?"

मी समुद्र पाहिलेला नाही. लग्नानंतर गणपतीपुळ्याला जायचं ठरलं होतं, पण हे मला जिंतूरला मावशीकडे घेऊन गेले आणि सगळी सुट्टी तिथेच संपवली.

मान्यता मिळाली त्या संध्याकाळपासून भरती येऊ लागली. पाणी टाकीच्या काठावरून उतरायचं, हॉल ओलांडून स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत चढायचं आणि ओहोटीला आल्या वाटेने टाकीत परत जायचं. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, भरती मात्र रोज दोनदा. शेजारच्या जोगदंडबाई लगबगीने बादली घेऊन आल्या आणि चव बघून परत गेल्या.

बिडवे साहेब पुन्हा आले ते खडू घेऊन. त्यांनी आखलेली भरतीची रेषा सोफ्याच्या मधून निघून थेट माझ्या पिठाच्या डब्यापर्यंत गेली.

"रेषेच्या आत नवं बांधकाम करता यायचं नाही."

"अन् माझा ओटा? फोडून बसलेय मी! स्वयंपाक कुठं करू?"

"समुद्राच्या आधी बांधला असता तर चाललं असतं."

मला रडूच फुटलं, आणि संताप आला तो ह्यांचा. हे उठले आणि त्यांनी पंपाच्या प्लगला हात घातला.

"बंदच करतो. लाटा थांबल्या की समुद्र रद्द. पोवळी मरतील, मरू देत. तुझा ओटा होऊ दे."

त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. इडलीस्टँडवरच्या एका तुकड्याला त्याच सकाळी शेजारी नवं बोंड फुटलं होतं, ते दाखवायला त्यांनी मला कणकेच्या हातांसकट ओढून नेलं होतं.

"हात काढा आधी तिथून," मी म्हटलं. "साहेब, सवलत कोणालाच नसते का?"

"पारंपरिक मच्छीमाराला असते. तुमच्यात मासे कोण धरतंय?"

आम्ही चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी माणसं. तेवढ्यात सासूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवली.

"मी धरते."

आणि ते खरंच होतं. काच पुसताना तो मासा ह्यांना चावायचा, म्हणून दर वेळी सासूबाई त्याला चहाच्या गाळणीने उचलून वाडग्यात ठेवायच्या. साहेबांनी प्रात्यक्षिक मागितलं. त्यांनी पदर खोचला, आणि पहिल्याच झटक्यात मासा गाळणीत.

"आणि परंपरा?" साहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी गाळणी माझ्या हातात दिली. "आता हिला शिकवायलेय. झाली परंपरा. अन् हे बघा, आम्ही धरतो, खात नाही. तसं लिहा."

"खाण्याचा रकाना नाही, आजी."

ओटा झाला. अगदी माझ्या उंचीचा, शिवाय भरतीसाठी चार बोटं वर. अट एकच, की पावसाळ्यात मासेमारी बंद. त्यामुळे काच पुसता येईना आणि टाकी हिरवीगार झाली. नारळी पौर्णिमेला सासूबाईंनी समुद्राला नारळ वाहायला घेतला, पण तो टाकीत मावेना. तेव्हा त्या वाहण्यासाठी खोबरं खवायला बसल्या आणि ह्यांनी विळी लपवली.

परवा भाकरी थापत होते तर भरती आली. हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून शेजारी येऊन उभे राहिले.

"अहो, गणपतीपुळ्याचा समुद्र असाच असतो का?"

"मला काय माहीत? मी तरी कुठं पाहिलाय?"

मी थापायची थांबले. "मग तेव्हा जिंतूरला कशाला नेलंत?"

त्यांनी पायजमा आणखी एक घडी वर दुमडला.

"तुझ्यापुढं पाण्याला भ्यालो असतो तर?"

मी हाताचं पीठ झटकलं.

"धरा हात," मी म्हटलं. "पाणी वाढायलंय."

ओहोटी लागेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. तव्यावरची भाकरी करपली.