अण्णांच्या घरावरचा पाऊस

अण्णा साळवी मयताला आले की आमच्या आळीतली म्हातारी माणसं त्यांच्यापासून जरा लांब उभी राहतात. मागच्या उन्हाळ्यात एका आजोबांना पोचवून सगळे मान खाली घालून परतत होते. अण्णांनी घाम पुसला, आभाळाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "एप्रिलच्या मानाने यंदा माणसं सरासरीपेक्षा जास्त जाताहेत." ते एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मग त्यांनी सोबतच्या म्हाताऱ्यांकडे एकेक करून नीट पाहिलं. आमचे हे घरी येऊन मला सांगत होते, तेव्हाही त्यांच्या अंगावर काटा होता.

अण्णांचा हेतू वाईट नव्हता. अण्णांचा हेतू कधीच वाईट नसतो. त्यांची अख्खी नोकरी तालुक्याच्या कचेरीत पाऊस आणि तापमान मोजण्यात गेली. निवृत्त झाले त्याच सुमारास तिथे आपलं आपण मोजणारं यंत्र आलं. ते यंत्र मोजतं आणि गप्प बसतं. अण्णांना गप्प बसणं जमलं नाही, म्हणून त्यांनी घरच्या अंगणातच कारभार मांडला.

आमचं घर पोलादपुरात, महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या आळीत. अण्णांचं आणि आमचं अंगण एकाच भिंतीने वेगळं केलेलं. भिंतीपलीकडे अण्णांनी चार पायांवर एक पांढरी झडपांची पेटी उभी केली आणि तिच्यात तापमापक टांगला. बाजूला पाऊस मोजायचं पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा बघायचा, पाणी झाडाला घालायचं. पांढरी पेटी काय आहे हे कुणालाच कळेना. एका सकाळी तिच्यावर हळदकुंकू आणि जास्वंदीचं फूल सापडलं. अण्णा चिडले ते देवभोळेपणावर नव्हे. "फूल झडपेत अडकवलंय," ते म्हणाले. "वारा अडतो. पाव अंश चूक येईल."

महिना संपला की ते फाटकावर काळा फळा लावतात. त्यावर दोनच ओळी असतात. तापमान, सरासरीच्या मानाने. पाऊस, सरासरीच्या मानाने. सगळं जग ते असंच बघतात. लग्नातली जिलबी 'सरासरीच्या आसपास' असते. माझ्या मुलीला दहावीत चांगले गुण मिळाले तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "सरासरीपेक्षा बरेच जास्त आहेत. पण शुभा, एका वर्षावरून काही कळत नाही. तीस वर्षं बघावी लागतात." मी म्हटलं, "अहो अण्णा, ती तीस वर्षं दहावीतच बसू दे काय?" त्यांनी पेढा खाल्ला आणि पेढ्याबद्दलही तेच सांगितलं. घाटात चढणाऱ्या गाड्यांतले पर्यटक पाणी प्यायला थांबतात आणि वर थंड आहे का विचारतात. अण्णा त्यांना विचारतात, "आजचं सांगू की नेहमीचं?" बिचारे बाटली भरतात आणि गाडीत बसतात.

माई म्हणजे अण्णांच्या पत्नी. पूर्वी आळीत सगळ्यांत मोठ्याने हसणारी बाई. गेल्या दोनेक वर्षांत त्या घरातून फारशा निघेनाशा झाल्या. "तिची तब्येत जरा बरी नसते," एवढंच अण्णा सांगत, आणि मी शेजारीण असूनही त्यापुढे विचारलं नव्हतं.

तर मागचा एप्रिल. आभाळात ढगाचा ठिपका नाही, सावित्रीच्या पात्रात नुसते दगड, नळाला एक दिवसाआड पाणी. महाडहून बाजार करून आलेली माणसं एसटीतून उतरली की तिथेच सावलीत बसायची. आणि महिना संपल्यावर अण्णांच्या फळ्यावर लिहिलेलं दिसलं :

तापमान : सरासरीपेक्षा जास्त.
पाऊस : सरासरीपेक्षा जास्त.

पहिल्या दिवशी लोक हसले. आमचे हे म्हणाले, अण्णांना ऊन लागलं. पण अण्णा तर ठणठणीत होते. कुणी विचारलं की म्हणायचे, "बाटलीत पाणी होतं. मी आभाळाचं लिहीत नाही, बाटलीचं लिहितो." मग हळूहळू लोक हसेनासे झाले.

उमरठकडच्या वाडीवरून सुनंदा येते, डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन. ती त्या फाटकावरून जायची बंद झाली. मला म्हणाली, "ताई, त्या एकल्या घरावर पाऊस पडतो नि आमच्या कोनावर नाय. ह्ये काय बरा लक्षान नाय गो."

"सुनंदा, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाय. आमची सासू सांगायची, असा पाऊस दुपारचा येतो. बाराच्या पुढं, मानसं निजली का. तो दिसत नाय, पन भिजवतो. तू दुपारची त्या भिताडाकडं बघू नको, आयक माझा."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पाऊस कसा पडतो हे मी चौथीला शिकवते. त्यामुळे मी सुनंदाला वाफ, ढग, थेंब सगळं समजावलं आणि ती गेल्यावर भिंतीकडची खिडकी लावून घेतली.

पण चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांकडे गेले आणि म्हटलं, मला बघू द्या. त्यांनी माझ्यासमोर नरसाळं काढलं. बाटलीच्या तळाशी स्वच्छ पाणी होतं. मी वर पाहिलं, आभाळ भाजून निघालेलं. खाली पाहिलं. नळकांड्याच्या पायाशी ओंजळभर माती तेवढी ओलसर होती आणि बाकी अंगण फुटलेलं. अण्णांनी पाणी मापात ओतलं, डोळ्यासमोर धरलं आणि पुटपुटले, "कालच्यापेक्षा कमी आहे." त्यांचा चेहरा एवढा उतरला की मला पाण्यापेक्षा त्या चेहऱ्याचीच जास्त भीती वाटली.

शाळेला सुट्टी लागली होती. मे महिन्यातली दुपार आमच्याकडे फार वाईट. पान हलत नाही, कुत्रं भुंकत नाही, आळीत सगळी दारं लोटलेली. आमचे हे आत घोरत होते. मी सुनंदाला मूर्ख ठरवायचं म्हणून खिडकी बोटभर उघडून बसले.

थोड्या वेळाने भिंतीच्या वरच्या कडेवरून एक काळी छत्री चालत आली.

भिंत माझ्या डोक्याएवढी, त्यामुळे खाली माणूस आहे की नाही ते दिसेना. नुसती उघडी छत्री, रणरणत्या उन्हात, अगदी सावकाश सरकत होती. आणि तिच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. ते थेंब उन्हात चमकताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. छत्री नळकांड्यापाशी थांबली. पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज आला, अगदी वळचणीखाली येतो तसाच. मग छत्री वळली आणि आली तशी निघाली. मी चौथीला शिकवलेलं सगळं त्या क्षणी विसरले. देवाचं नाव घ्यायला गेले तर ते सुद्धा आठवेना.

तरीही मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. बहुतेक घरात एकटीने जागं राहायची जास्त भीती वाटली असावी. फाटक ढकललं तर अंगणात माई उभ्या. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात तांब्या, पातळाचा काठ पाण्याने भिजलेला. माझ्याकडे पाहून त्यांनी लगबगीने छत्री माझ्या डोक्यावर धरली.

"अगो, अशी काय आलीस? भिजशील ना!"

त्या माझ्या केसांवरचं नसलेलं पाणी पदराने पुसत राहिल्या. मग कानाशी येऊन म्हणाल्या, "कचेरीतले साहेब आत बसलेत. त्यांना सांगू नको हां." एवढं बोलून त्या घरात गेल्या. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला पंधरा वर्षं खाल्लेली त्यांच्या हातची पुरणपोळी आठवली आणि रडू आलं.

दाराआड अण्णा स्टुलावर बसले होते. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला माहीत आहे?"

"रोज इथेच बसतो. पायरीवरून पडेल म्हणून," ते म्हणाले. "छत्री आधी पिंपात बुडवते. पावसात छत्री कोरडी कशी राहील, असं तिला वाटतं. ते बरोबरच आहे म्हणा."

मग त्यांनी सांगितलं. लग्न झालं तेव्हाची गोष्ट. जून उजाडायचा, पाऊस यायचा नाही, आणि अण्णा रोज कचेरीतली रिकामी बाटली बघून तोंड पाडून घरात यायचे. माई म्हणायच्या, "एवढं काय ते! ओतू का तांब्याभर?" अण्णा तडकून म्हणायचे, "यंत्राशी थट्टा नको!" आणि माई आळीला ऐकू जाईल असं हसायच्या. दर वर्षी हेच चालायचं. अण्णांनी उभ्या नोकरीत एक थेंब खोटा लिहिला नाही, आणि माईंनीही कधी खरोखर ओतलं नाही.

"आता ती मुलाचं नाव विसरली," अण्णा म्हणाले. "गॅस विसरली. मला साहेब म्हणते, खुर्ची देते. पण बाटली रिकामी असली तर मी तोंड पाडून बसतो, हे विसरलेली नाही. म्हणून मी जे सापडतं ते लिहितो. तिचं पाणी मी कसं खोडू, शुभा?"

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरांनी तिला दोन वर्षं पाहिलंय. माझ्याकडे तिची चाळीस वर्षांची सरासरी आहे." मग ते अगदी हळू बोलले. "पण पाणी रोज कमी होतंय. एक दिवस बाटली कोरडी निघेल. मला त्या दिवसाची फार भीती वाटते."

तो दिवस मेच्या शेवटी आला. भिंतीवरून छत्री दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी अण्णा रिकामं माप हातात धरून अंगणात उभे होते, ऊन डोक्यावर येईपर्यंत. मला ते बघवेना. त्या दुपारी मी गुपचूप गेले आणि नरसाळ्यात अर्धा तांब्या ओतून आले.

सकाळी अण्णा आमच्या दारात.

"काल तू ओतलंस."

"कशावरून?"

"माईचा हात कापतो. निम्मं बाहेर सांडतं, माती भिजते. आज माती कोरडी आहे." ते रागावले नव्हते. "तुझं मन चांगलं आहे. पण तुझं पाणी मला लिहिता येत नाही."

मापातलं पाणी त्यांनी झाडाला घातलं. मला लाज वाटली आणि त्यांचा थोडा रागही आला. एवढ्या दुःखातही मातीकडे बघणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय?

त्याच दुपारी भिंतीवरून छत्री आली. ओली, ठिबकणारी. मी धावतच फाटकाशी गेले. पण आज छत्री अण्णांच्या हातात होती. दुसऱ्या हाताने त्यांनी माईंना धरलं होतं. माई कुठेच बघत नव्हत्या. अण्णांनी त्यांना नळकांड्यापाशी उभं केलं, छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि पायरीवरचा भरलेला तांब्या उचलला. घसा खाकरला. इतकी वर्षं जे वाक्य नुसतं ऐकलं होतं ते म्हणायला त्यांना जमत नव्हतं.

"काय गं," ते म्हणाले, "ओतू का तांब्याभर?"

कुठेतरी उंबरावर कावळा ओरडला. अण्णांनी तांब्या नरसाळ्यावर नेला. हात त्यांचाही कापत होता.

आणि माईंनी त्यांचं मनगट पकडलं.

"यंत्राशी थट्टा नको!" त्या तडकून म्हणाल्या, अगदी अण्णांच्या आवाजात.

मग माई हसल्या. पूर्वीसारख्या, आळीत ऐकू जाईल अशा. कुणाकुणाच्या घरातली लोटलेली दारं उघडली. अण्णांच्या हातून तांब्या सुटला, सगळं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं आणि अण्णा हसता हसता रडायला लागले. मी तिथून परत फिरले. पुढचं बघायचा मला अधिकार नव्हता.

त्यानंतर माई पुन्हा हसल्या की नाही मला ठाऊक नाही. मे महिन्याच्या फळ्यावर पावसापुढे अण्णांनी काही लिहिलंच नाही. तापमान तेवढं होतं, सरासरीपेक्षा जास्त.

यंदाच्या उन्हाळ्यातही भर दुपारी भिंतीवरून ती काळी छत्री जाते. अण्णांच्या हातात असते. कोरड्या आभाळाखाली ते माईंना अंगणभर फिरवतात, तेच विचारतात आणि उत्तराची वाट बघत उभे राहतात. मी आता खिडकी लावत नाही.

सुनंदा अजून आमच्या मागच्या दारानेच येते. करवंदं मोजताना भिंतीकडे न बघता विचारते, "पलीकडं हाय काय गो अजून, तो पाऊस?"

"आहे," मी सांगते. "सरासरीइतका."