कडूबाच्या बोटीची तिसरी नळी

या, असे जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. सांगतो ती गोष्ट पुराणातली नाही, परतूर तालुक्यातली आहे. देवाचा धावा तिच्यात तीनदा होतो, आणि तिन्ही वेळा घोटाळा होतो.

कडूबा नावाचा एक भला माणूस. धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, माणसं पल्याडच्या काठाला नव्या गावात राहायला गेली. कडूबाचं घर आणि शेत उंचवट्यावर, ते बुडालं नाही. बुडालं नाही म्हणून नव्या गावात त्याला जागाही मिळाली नाही. देवानं वाचवलं आणि एकटं ठेवलं, असला प्रकार. बायको जयवंताबाई होती तोवर दोघं एकमेकांना पुरत होती. चार वर्षांमागं ती गेली, आणि घरात बोलायला एक बैल उरला. त्यालाही कडूबाच्या गोष्टी पाठ झाल्या होत्या. मालकानं तोंड उघडलं की तो तोंड फिरवायचा.

धरणाच्या कामावरची एक जुनी मोटारबोट गावाला मिळाली होती, ती कडूबा चालवायचा. आष्टीच्या बाजाराला जाणारी माणसं तिच्यातून यायची, कडूबाच्या ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची, सुनांची गाऱ्हाणी सांगायची. मग बोटीच्या पेट्रोलच्या नळ्या तडकल्या. बसणाऱ्याच्या धोतराला असा वास लागे की तो घरी पोचल्यावर बायको चूल विझवायची. माणसं लांबच्या सडकेनं जाऊ लागली. ओटा रिकामा पडला.

अशात नव्या गावात सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनाला रायभानमहाराज आष्टीहून यायचे होते. कडूबा वल्ही मारत पल्याड गेला आणि सरपंच काकासाहेबांपुढं उभा राहिला.

"महाराजाला मी आणतो. वीस मिनटांत मंडपात."

"त्या बोटीतून?" काकासाहेब म्हणाले. "आरं, महाराज कीर्तनाला येऊन राह्यले, सती जायला न्हाई."

"नळ्या बदलतो ना. बिलकुल नव्या."

काकासाहेबांनी मिशी चोळली. "बरं. महाराज येळेवर आले, तर दर बाजाराला बोट चालू. न्हाई आले, तर बोट भंगारात. कबूल?"

"बराबर," कडूबा म्हणाला. आणि घरी येऊन बैलाला म्हणाला, "ओटा सारवून ठेवावा लागंल."

परतूरच्या दुकानातून त्यानं पेट्रोलची नळी आणली. टाकीला नळ्या तीन. एकीतून पेट्रोल टाकीत ओतायचं, दुसरीतून ते इंजिनाला जायचं. दोन्ही त्यानं झकास बसवल्या, पट्ट्या आवळल्या. तिसरी बारकी, टाकीतून निघून बोटीच्या कडेला उघडीच सोडलेली. कडूबानं ती फुंकून पाहिली, हुंगून पाहिली. तिच्यातून काही येतही नव्हतं, जातही नव्हतं.

आता इथंच घात झाला. कडूबाची हयात पिकाला पाणी देण्यात गेलेली. पाटाला जिथं उघडं तोंड दिसेल तिथं चिखलाचा गोळा थापायचा, हा हाताचा धर्म. उघडं तोंड म्हणजे वाया गेलेलं पाणी. त्यानं तिसरी नळी फेकून दिली, बाभळीची एक खुंटी तासली, चिंधी गुंडाळली, आणि टाकीचं ते तोंड ठोकून बुजवलं. वर दोनदा थोपटलं.

काल्याच्या दिवशी नऊच्या सुमाराला जीप आली. महाराज उतरले. मागून पखवाज आणि त्यामागून पखवाजाच्याच घेराचा साहेबराव उतरला. शेवटी झुंबरबाई, कडूबाची मेहुणी. ती आष्टीला लेकीकडं गेल्ती, त्याच जीपनं परत आल्ती.

"दाजी, बोट पोचती का?" तिनं विचारलं.

"बाई, आता ही बोट विमानासारखी जाती."

"मंग पोचायची न्हाई. इमान पान्यात बुडतं," म्हणून ती बसली.

दोरी ओढली, इंजिन धडधडलं, बोट निघाली. ना वास, ना थेंब. कडूबाची मान ताठ. पाच मिनिटं गेली, आणि इंजिन खोकलं, फुरफुरलं, गप्प झालं.

चहूकडं पाणी. साहेबरावानं पखवाज पोटाशी धरला, बुडालाच तर त्यावर तरंगता यावं म्हणून. महाराज शांतपणे म्हणाले, "नाम घ्या." त्यांनी विठ्ठलनामाचा गजर धरला. कडूबानं घाबरून टाकीचं झाकण उघडलं, काडी बुडवून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं, दोरी ओढली. इंजिन सुरू!

"पाहा," महाराज म्हणाले, "नामाची ताकद."

पाच मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा गजर, पुन्हा झाकण, पुन्हा काडी. पण या वेळी झाकण फिरवताना कडूबाच्या कानावर आवाज आला, फुस्स. बंद डब्यानं दम घ्यावा तसा. कडूबा शेतकरी होता, मूर्ख नव्हता. त्याची नजर खुंटीवर गेली. टाकीला वारा लागतो तर. खुंटी उपटली की काम झालं.

त्यानं हात पुढं केला, तोच साहेबराव म्हणाला, "कडूबा, एकलेच राहता का तिकडं?"

"हो. बैल हाय."

"जेवायला कोन करून घालतं?"

हे कडूबाला चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तो उत्तर देणार तर महाराजांनी झोळीतून टाळ काढून त्याच्या हातात दिले. "माउली, आम्हाला टाळकरी कमी आहे. धरा चाल."

टाळ हातात आले आणि कडूबाचा हात खुंटीकडं जाईना. त्यानं झाकण लावलं. नुसतं लावलं नाही, अर्धा आटा जास्त फिरवलं.

पल्याडचा काठ शंभर हातांवर आला आणि बोट तिसऱ्यांदा थांबली. काठावर अख्खा गाव उभा. काकासाहेब ओरडले, "महाराज, दहीहंडी उन्हात तापून राह्यली!"

"नामानं बोट चालते आहे," महाराजांनी हात उंचावून सांगितलं. "थोडं कमी पडतंय. सगळे बसा, इथूनच सुरू करू."

आणि अहो, काय कीर्तन झालं! महाराज बोटीत उभे, साहेबरावाच्या थापेसरशी बोट डुलतेय, काठावर चारशे माणसं गजर करतायत, आणि महाराजांच्या मागं कडूबा, डोळे मिटून, घसा फुटेस्तोवर गातोय. पाण्यावरून येणारा आवाज त्याच्याच गावचा होता. तासभर गेला. महाप्रसादाचं वरण गार झालं. बोट काही हलेना.

शेवटी झुंबरबाई उठली. टाकीकडं गेली, वाकली, खुंटी पाहिली. "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?" ती म्हणाली. "दुसरं पाडावं लागतं, वारा आत जायला. सैपाक करनाऱ्या बाईला इचारायचं व्हतं." तिनं खुंटी उपटली. फुस्स झालं. कडूबानं खाली पाहत दोरी ओढली, आणि बोट सरळ जाऊन काठाला लागली.

महाराज हसले. "मी तीनदा देवाला हाक मारली," ते म्हणाले, "आणि देव तेलाच्या डब्यात बसला होता."

गाव हसत हसत पंगतीला गेला. झुंबरबाई मागं राहिली.

"दाजी, झाकन मी पन पाहिलं. येवढं आवळलेलं?"

कडूबानं टाकीच्या झाकणाकडं पाहिलं. त्याच्या हातात अजून टाळ होते.

"अक्का असती तर तुम्हाला बोलली असती," ती हळूच म्हणाली. "मी न्हाई बोलत." आणि खरंच, ती कुणाला बोलली नाही.

काकासाहेब मात्र शब्दाचे पक्के. जेवणं झाल्यावर म्हणाले, "कडूबा, पुढल्या साली जीपच सडकेनं फिरवून आनू. बोट घरी घेऊन जा, मंग पाहू भंगाराचं." महाराजांनी टाळ मागून घेतले. कडूबा प्रसादाचा पुडा घेऊन एकटाच परत निघाला. मध्यावर आल्यावर त्यानं इंजिनाकडं पाहिलं, वाटलं, आता तरी थांबेल. बोट एकदाही थांबली नाही. बरोबर वीस मिनिटांत तिनं त्याला रिकाम्या ओट्यापुढं नेऊन सोडलं.

तर मंडळी, माझं एक मागणं आहे. तुमच्या गावात काला होईल, महाराजांच्या मागं एखादा टाळकरी कमी पडेल, तेव्हा पाण्यापल्याडच्या कडूबाची याद ठेवा. निरोप धाडा. न्यायला मात्र कुणीतरी जा. तो आपणहून यायचा नाही, त्याला लाज वाटते.